जाड तार खाली

मझुझु
२ फेब्रुवारी

खुम्बो दादा,

“तुला बेस येतो का?” असं म्होने सरांनी मला रविवारी अख्ख्या गायनमंडळासमोर विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. त्याला तीन दिवस झाले. अजूनही देता येत नाही.

‘हो’ म्हणावं तर पहिल्याच गाण्यात उघडी पडेन. ‘नाही’ म्हणावं तर दीड वर्ष रोज शाळेत शिकवून आल्यावर तुझ्या खोलीचं दार लावून मी काय करत होते? झोम्ब्याला विद्यापीठात तोंडी परीक्षेला तीन प्राध्यापक समोर बसले होते, तेव्हा माझी जीभ अडखळली नव्हती. आणि इथे एवढासा प्रश्न, तर मी आपली भिंतीकडे बघत उभी.

प्रश्न का आला ते सांगते. तू सीमेपलीकडे जोनीला गेल्यावर बेस गिटार धरणारा म्वाले लग्न करून करोंगाला राहायला गेला. जागा रिकामी आहे. आणि ऑगस्टचा मेळावा या वर्षी आपल्या चर्चच्या मंडळीकडे आहे. जिल्हाभरातून लोक येणार, तीन दिवस, मैदानात मंच. म्होने सर मला आडनावानेच हाक मारतात. म्हणाले, “न्याम्सिस्का, मे संपायच्या आत एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न सांडता वाजवून दाखव. जागा तुझी. नाहीतर रुम्फीचा तो लग्नात वाजवणारा माणूस बोलवावा लागेल. तो येईल, तीन दिवस पोटभर जेवेल आणि सगळी गाणी एकाच चालीत वाजवून जाईल. माझ्यावर ती वेळ आणू नकोस.”

दादा, मला ती जागा हवी आहे. पदवीसाठीही मी इतकी अधीर नव्हते. पदवी घरासाठी होती. म्सिस्कांच्या घरात पहिली पदवी म्हणून बाबांनी ती दुकानात शिलाईयंत्राच्या वर, काच लावून टांगली आहे. गिऱ्हाइकाचं माप घेताना तिच्याकडे बोट दाखवतात. बेस मात्र माझा मला हवा आहे.

पण तुझा हा बेस म्हणजे डोक्याला ताप आहे. पट्टा अडकवायचा खिळा तू बेसच्या दोन टोकदार शिंगांपैकी कुठल्या शिंगावर ठोकला आहेस? उभी राहून गळ्यात घालावा तर तो मेंढ्यासारखा गिरकी घेऊन जमिनीकडे तोंड करतो. वरच्या शिंगावर एक जुनं भोक दिसतंय, त्यात काडी ठोकून बुजवलंय. ज्याने ते बुजवलं त्याला काय सुचलं कोण जाणे. मी बसूनच वाजवते. तू पण बसूनच वाजवायचास, म्हणून मला वाटायचं बेस बसूनच वाजवतात.

तारा गंजल्या होत्या. कुठेतरी वाचलं की जुन्या तारा उकळून काढल्या की आवाज थोडा जिवंत होतो. मी उकळल्या. आईच्या मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवायच्या भांड्यात. आईने झाकण उचललं आणि किंचाळली, तिला वाटलं आत साप आहे. “आम्ही तुला एवढं शिकवलं ते लोखंडाचा रस्सा करायला का गं?” आवाज खरंच सुधारला. बारा दिवस.

त्याहून वैताग म्हणजे मोबाइलवरचे धडे. त्यांतल्या प्रत्येक माणसाच्या बेसला जाड तार वर असते, हनुवटीकडे. तुझ्या बेसला ती खाली आहे, गुडघ्याकडे. महिनाभर डोकं खाजवलं. मग माझं भौतिकशास्त्र कामाला आलं: फोनचा समोरचा कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा देतो! म्हणजे धडे उलटे दिसतात, बेस सरळ आहे. तेव्हापासून प्रत्येक धडा मी मनात उलटा करून शिकते. त्याला दुप्पट वेळ लागतो, पण निदान कारण कळलं.

आता काम. मला नव्या तारा हव्या आहेत, चारही. इथे गिटारच्या मिळतात, बेसच्या नाहीत. बाजारातल्या दुकानदाराने मोटारसायकलच्या क्लचची तार काढून दाखवली आणि म्हणाला, “ही पण वाजते, ताई.” तिथे जोनीत मिळतील. गोंद्वे काकांकडे दे, त्यांची बस दर पंधरा दिवसांनी येते.

तुझ्या फोनवर माझा नंबर चालत नाही, हे मला माहीत आहे. आईशी तू रविवारी दोन मिनिटं बोलतोस, तेही माहीत आहे. मागे मी तुला जे लिहिलं ते लिहिलं, त्यावर आत्ता बोलत नाही. हे फक्त तारांचं आहे.

तोवेरा


९ मार्च

खुम्बो दादा,

तारा पोचल्या. चिठ्ठी नाही. पाकीट मी तीनदा उलटं करून झटकलं.

गोंद्वे काकांना विचारलं, “त्याने हातात दिलं ना? काही म्हणाला?”

“म्हणाला, ‘हे घ्या.’”

“आणखी?”

“आणखी काय? मागे चाळीस माणसं, तीन फ्रिज आणि एक सोफा होता.”

“चेहरा कसा होता? हसला का?”

“पोरी, मी ड्रायव्हर आहे, फोटोग्राफर नाही.”

असो. तू पत्र वाचतोस एवढं कळलं. नेमक्या जाडीच्या तारा पाठवल्यास, म्हणजे हा बेस तू विसरलेला नाहीस. आभार.

चढवताना मी पाकिटावरचं चित्र बघितलं. चित्रातही जाड तार वरच. आता छापील चित्र काही फोनचा कॅमेरा नाही, तेव्हा थोडी शंका आली. म्हणून जाड तार वर लावून बघितली, तर मानेच्या टोकाला जी खाचांची हाडाची पट्टी आहे, तिच्या वरच्या खाचेत ती बसेचना. खाच बारीक. खालची खाच रुंद, तिथे चपखल बसली. बेस स्वतःच सांगतोय तर चित्राचं कशाला ऐका? होती तशीच लावली.

शिवाय मी आवाज मोठा करायचा अ‍ॅम्प घेतला. जुना आहे, पुढचं जाळीचं कापड फाटलंय, तिथे बाबांनी शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा लावून दिला. काही विचारलं नाही. बेसचा विषय निघाला की बाबा सुईत दोरा ओवायला घेतात. आवाज इतका खोल की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतं. शेजारची न्याकौंडा दुसऱ्याच दिवशी दारात. “तोवेरा, माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्यात.”

“मावशी, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कंपनांची वारंवारता—”

“वारंवार कशाला, एकदासुद्धा नको!”

मग वीज गेली. आठवडाभर रोज संध्याकाळी पाच ते नऊ. म्हणजे माझ्या सरावाची अचूक वेळ. कोंबड्यांना सुट्टी.

म्होने सरांना मी माझी वही दाखवली. रोज काय वाजवलं, किती वेगात, किती चुका, असे तक्ते केले आहेत. त्यांनी पानं उलटली, “अक्षर सुंदर आहे,” म्हणाले आणि मला त्यांच्या अंगणात मका कांडायला पाठवलं. गंमत नाही. त्यांची बायको, मेहुणी आणि मी, उखळ एक, मुसळं तीन, एकीमागून एक. मी म्हटलं, “सर, मी बेस शिकायला आलेय.”

“मग कांड. घाई केलीस तर तुझं मुसळ दुसरीच्या मुसळावर आपटेल. उशीर केलास तर तिसरीचं तुझ्या बोटांवर. मधली रिकामी जागा सांभाळणं, एवढंच बेसवाल्याचं काम आहे. तुझ्या वहीत सगळं आहे, रिकामी जागा तेवढी नाही.”

सर किबोर्डकडे परतताच त्यांची बायको म्हणाली, “ऐकू नकोस त्यांचं. त्यांना पीठ हवंय.”

दोन शनिवार कांडतेय. हाताला फोड आलेत. राग येतो, कारण फरक पडतोय. काल पहिल्यांदा ढोलाचा ठोका आणि माझा स्वर एकाच वेळी जमिनीला टेकले. तुला माहीत असेल तसं होतं तेव्हा काय वाटतं. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले, आणि बेस मेंढ्यासारखा फिरला.

एक ओळ लिहायला काय जातं तुझं?

तोवेरा


१८ एप्रिल

दादा,

मी इतकी चिडले आहे की पेन कागदातून आरपार जातंय. कुणावर, ते लिहिता लिहिता ठरवते.

शनिवारी आपल्या मंडळीला स्कॉटलंडच्या जोडीदार चर्चकडून मोठा खोका आला. त्यात नवा कोरा बेस. काळाभोर, मान इतकी गुळगुळीत की बोट घसरावं. म्होने सरांनी सगळ्यांसमोर तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “चल, तुझं पाठ झालेलं गाणं.”

पट्टा गळ्यात घातला. तो सरळ राहिला. मला केवढा आनंद झाला! ढोल सुरू झाला, मी पहिला स्वर घेतला, आणि तो भलताच निघाला. दुसरा त्याहून भलता. जाड तार वर! जिथे माझं बोट खालचा स्वर शोधायला जाई तिथे वरचा किंचाळे. मी थांबले, परत सुरुवात केली, परत तेच. बायका पदराआड, मग पदराबाहेर हसायला लागल्या. ढोलवाला टेंबो म्हणाला, “सर, ही पवित्र शास्त्र उलटं धरून वाचतेय.”

मी म्हटलं, “या बेसच्या तारा चुकीच्या लावल्या आहेत.”

मग कुणीच हसलं नाही. म्होने सरांनी किबोर्ड बंद केला. “न्याम्सिस्का, याच्या बरोबर आहेत.”

“मग दादाच्या?”

“त्याच्याही बरोबर होत्या. त्याच्यासाठी.” त्यांनी चष्मा पुसला. “खुम्बो डाव्या हाताने छेडायचा. तुला माहीत नव्हतं? मी तर समजत होतो, भावाची आठवण म्हणून तू मुद्दाम तशाच ठेवल्यास.”

दीड वर्ष! फेब्रुवारीपासून सगळ्यांनी माझे हात बघितले आणि प्रत्येकाला वाटलं मी हे समजून करतेय. मंडळात बावीस माणसं आहेत.

आणि आता राग माझ्यावर. आरसा डावं-उजवं फिरवल्यासारखं दाखवतो, वर-खाली नाही. आरशात माझे पाय वर आणि डोकं खाली दिसत नाही, दादा. हे मी माध्यमिकच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते, आणि ज्याला येत नाही त्याला अर्धा तास थांबवते. कुठलाही कॅमेरा जाड तार खालून वर नेऊ शकत नाही. मला कारण सापडलं होतं ना, मग मी प्रश्न विचारणंच सोडून दिलं.

तू डावखुरा होतास हे मला माहीत होतं. म्हणजे लहानपणी होतास. डाव्या हाताने न्सिमा उचललास की बाबा बोटांवर कैचीची मूठ मारायचे, पाहुण्यांना काही दिलंस की आई घाईने तुझा हात बदलायची. मला वाटलं ते संपलं. तू उजव्याने लिहायचास, उजव्याने जेवायचास. तू खोलीचं दार लावून वाजवायचास आणि चर्चमध्ये बायकांच्या तिसऱ्या रांगेमागे स्टुलावर बसायचास, दिसायचाच नाहीस. “बेस ऐकायचा असतो, बघायचा नसतो,” असं मला सांगायचास. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, थोर विचार म्हणून.

ते स्टूल तिथे कुणी ठेवलं, असं मी म्होने सरांना विचारलं. “मी,” म्हणाले. “आवाज मला हवा होता. हात कुणाला दिसायला नको होता. मला ती फार हुशारी वाटली होती.”

मग चार वर्षांपूर्वी आपल्याकडे झालेल्या मेळाव्याचं त्यांनी सांगितलं. मंच उघड्यावर, रांगा नाहीत, स्टूल नाही. तू पुढे उभा. पहिल्या ओळीत, चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींत, बाबा.

पुढचं आज लिहिवत नाही.

तोवेरा


२३ एप्रिल

दादा,

बाबांना विचारलं. दुकानाच्या ओट्यावर, ते एका म्हाताऱ्याच्या कोटाला अस्तर लावत असताना.

“तुम्ही सगळ्यांसमोर त्याला बेस खाली ठेवायला लावलात?”

“अस्तर सरकतंय, बोलू नको.”

“बाबा.”

“मी मंडळीचा वडील आहे. लोकांची भांडणं माझ्यासमोर येतात. माझाच मुलगा देवाला डाव्या हाताने देतो, हे मी तोंड वर करून बघत बसू? तुला कुणी डाव्या हाताने ताट दिलं तर घेशील?”

“मग तुम्ही काय म्हणालात त्याला?”

यंत्र थांबलं. बाबा कोटाकडे बघत म्हणाले, “म्हणालो, ‘हात बदल, नाहीतर खाली ठेव.’ त्याने खाली ठेवला. हळू ठेवला. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.”

आई आतून म्हणाली, “मी बाजारात असायचे तेव्हा तो डाव्याने जेवायचा. ताटात कुठल्या बाजूने न्सिमा मोडलाय ते मला कळायचं. मी काही बोलले नाही.” जणू न बोलणं ही तिने तुला दिलेली मोठी भेट होती. तिच्यावरही चिडले. मग ती रडायला लागली, तेव्हा स्वतःवर.

कारण माझंही आहे. तेव्हा मी झोम्ब्याला दुसऱ्या वर्षाला होते. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, “खुम्बो जोनीला गेला, कुणाचं न ऐकता.” मी एकही प्रश्न विचारला नाही. तुला चार पानी पत्र लिहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे, कारण तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. ‘जबाबदारीपासून पळणाऱ्याला स्वातंत्र्य मिळत नाही.’ ‘आईवडिलांच्या घामावर तू पाठ फिरवलीस.’ मी तर त्याची नक्कलही ठेवली होती. आज सकाळी ती चुलीत घातली. त्याने काही होत नाही, हे मला कळतं.

फेब्रुवारीत मी लिहिलं, “जे लिहिलं ते लिहिलं.” ते ताठ्याने लिहिलं होतं. ते पत्र चुकीचं होतं. मला माफ कर, किंवा नको करूस, पण चुकीचं होतं एवढं माझ्या अक्षरात तुझ्याकडे असू दे.

तोवेरा


११ मे

दादा,

मेळाव्याच्या जागेचं सांगते, तू विचारलं नाहीस तरी.

नवा बेस मी तीन आठवडे घरी आणून वाजवते आहे. म्हणजे शिशुवर्गापासून. माझी बोटं अजून खाली धावतात. हे असं आहे की रोज ज्या घरात राहिलो त्याचं दार कुणीतरी रात्रीत मागच्या भिंतीला नेलं. एक धडा आता उलटा करावा लागत नाही, सरळ बघता येतो, तर डोकं सवयीने तो उलटा करतंच. टेंबो म्हणतो, “घाबरू नको, ऑगस्टपर्यंत येईल. कुठल्या वर्षीच्या ते सांगत नाही.”

काल म्होने सरांनी तोडगा काढला. (त्यांना तोडग्याची आवड आहे, हे तुला सांगायला नको.) “तू खुम्बोच्या बेसवर, तुझ्या उलट्या सवयीनेच वाजव. तार कुठली वर आणि कुठली खाली हे वडील मंडळींना कळत नाही. त्यांना फक्त छेडणारा हात दिसतो, आणि तुझा छेडणारा हात उजवा आहे.”

मी म्हटलं, “म्हणजे तोच बेस, त्याच तारा, तोच मंच. तेव्हा वाईट आणि आता चांगलं?”

“म्हणजे तुला जागा मिळते,” सर म्हणाले.

मला जागा हवी होती. मी हो म्हटलं.

तोवेरा


३० मे

खुम्बो दादा,

बसस्थानकावर बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आहे, शेजारी एका बाईने मांडीवर कोंबडा घेतलाय आणि तो माझा कागद टोचतोय.

मागच्या रविवारी मी तुझ्या बेसवर ते गाणं वाजवलं. प्रार्थना संपल्यावर, सगळी मंडळी बसलेली असताना, पुढे. पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत काही सांडलं नाही. दुसऱ्या कडव्यात बायका ताल धरून हलायला लागल्या, तेव्हा मी मधल्या रिकाम्या जागा अशा सांभाळल्या की म्होने सरांनी किबोर्डवरून मान वळवून बघितलं. कांडणाऱ्या दोघीही तिथे होत्या. दादा, तेवढा वेळ मला बेस येत होता. शंका नाही. सर म्हणाले, “जागा तुझी, न्याम्सिस्का.”

बाहेर अंगणात माणसं बाबांचे हात हातात घेत होती. बाबा इतके खूश होते, मी त्यांना पदवीच्या दिवशीही तसं बघितलं नाही. करोंगाहून आलेल्या पाळकांना ते सांगत होते, “चार वर्षं घरात पडून होतं. शेवटी वाद्य योग्य हातात आलं.”

मी तिथेच उभी होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझं कौतुकच करत होते ते. पण त्या वाक्यात माझा हात बरोबर ठरायचा तर तुझा चूक ठरावा लागतो, आणि ऑगस्टमध्ये मी तीन दिवस त्या मंचावर, जिथे तू तो हळू खाली ठेवलास तिथेच, तुझा बेस घेऊन बसले तर ते वाक्य सगळ्या जिल्ह्यासमोर पक्कं होईल. घरी येऊन दोन दिवस कुणाशीच बोलले नाही. आईने विचारलं, “आजारी आहेस का?” मी म्हटलं, “नाही, हरले असते तर बरं झालं असतं.” तिने कपाळाला हात लावून बघितला.

मंगळवारी मी बाबांना म्हटलं, “या बेसला जाड कापडाची पिशवी शिवून द्या. आणि नवा पट्टा. मी तो खुम्बोला पाठवतेय.”

“ऑगस्टला काय वाजवणार तू?”

“काही नाही.”

“डोकं फिरलंय. जागा मिळाली तुला! अख्ख्या घराला मिळाली.”

“म्हणूनच.”

“मी शिवणार नाही.”

“मग मी पोत्यात घालून पाठवते. म्सिस्का शिंप्याच्या घरातून पोतं निघालं असं गोंद्वे काका मझुझुपासून जोनीपर्यंत सगळ्यांना सांगतील.”

त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. बुधवारीही तेच. गुरुवारी मी शाळेतून येताना दुकानात थांबले, तर यंत्राखाली तंबूचं हिरवं कापड होतं. वर न बघता त्यांनी विचारलं, “पट्टा कुठल्या खांद्यावरून घेतो तो?”

“तुम्ही बघितलंय ना त्याला. मी नाही.”

म्हाताऱ्याचा कोट न्यायला म्हातारा आला, त्याने कोट घालून बघितला, पैसे दिले, गेला. मग बाबा म्हणाले, “उजव्या,” आणि पट्ट्याला वाकडी शिवण घालायला घेतली, त्या बाजूने खांद्यात रुतू नये अशी. त्याचा अर्थ काय ते मी तुला सांगणार नाही, मलाही नीट कळलेलं नाही. माफी मागितली असं मी म्हणत नाही. शिवण दुहेरी आहे, एवढं सांगते.

तारा तू पाठवलेल्याच आहेत, फार वापरल्यात त्याबद्दल रागावू नकोस. खिळ्याला, पट्टीला, कशालाच हात लावलेला नाही. जाड तार तुझ्यासाठी जिथे असायला हवी तिथे आहे.

हे करून तू परत यावंस, बाबांशी बोलावंस, मला उत्तर लिहावंस, असं काही मी मागत नाही. मला मागण्याची फार सवय आहे, म्होने सर म्हणतात. आणि माझी काळजी करू नकोस. मी नव्या बेसवर मुलांच्या रविवारच्या वर्गात बसते. माझ्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी आहे, ती माझ्यापेक्षा पुढे आहे आणि ते मला दर दहा मिनिटांनी सांगते. मी कधीतरी त्या जागेवर बसेन. तेव्हा ती मी स्वतः मिळवलेली असेल.

काल संध्याकाळी म्होने सरांकडे जाऊन आले. ते खूप ओरडले. म्हणाले, “इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा असा बेस ऐकू आला आणि तू तो बसमध्ये चढवतेस?” बायकोने त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी माझ्यासमोरच रुम्फीच्या माणसाला फोन लावला. तो हो म्हणाला, जेवणात काय असतं ते विचारलं.

आज सकाळी पिशवी मी स्वतः गोंद्वे काकांच्या मागच्या सीटवर उभी ठेवली आणि सोफ्याच्या दोरीने बांधली. पावतीवर मालक म्हणून तुझं नाव लिहिलं. गाडी भरली आहे, काका खिडकीतून हाका मारताहेत. हे पत्र त्यांच्या हातात देते.

तोवेरा